कोणतं लिनक्स टाकू?

सांगोल्यात पोरानं ‘कोणतं डाळिंब लावू?’ विचारलं, की शेजारी एका शब्दात सांगतो, ‘भगवा’. विषय संपला, खड्डे सुरू. तोच पोरगा जुना लॅपटॉप काखेत मारून लिनक्सवाल्यांकडे गेला, की त्याचा पार भुगा होतो.

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 वरून हात काढून घेतला. याचं यंत्र विंडोज 11 च्या पात्रतेत बसेना, म्हणून बिचारा आला. पहिला म्हणाला, उबुंटू. दुसऱ्यानं नाक मुरडलं, मिंटच घे. तिसरा वंशावळ घेऊन बसला: मिंट उबुंटूवर उभं, उबुंटू डेबियनवर, मग थेट थोरल्या घरीच जा की! चौथ्याचं मत, खरं शिकायचं तर आर्च. ‘बाबा, तुला करायचंय काय?’ हे कुणीच विचारलं नाही. शेवटी त्यानंच विचारलं, ‘टॅली चालंल का?’ सभा चिडीचूप.

गणपतराव देशमुखांना अकरा वेळा आमदार म्हणून निवडून देणारा हा सांगोला तालुका. दर शनिवारी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा वाण, बदलणाऱ्यांची निष्ठा इथं कुणाला कळायची?

स्वागतच करायचं तर मिंट पेनड्राइव्हवर घालून द्या. काही न पुसता तिथूनच चालवून बघू दे. वायफाय, प्रिंटर, मराठी कळफलक जमले तर बसवा. टॅलीपुरतं विंडोज शेजारी नांदू द्या. वर एक चहा पाजा. मुक्त सॉफ्टवेअरवरचं प्रवचन पुढच्या एकादशीला.