पावसाळ्यासाठी महाबळेश्वरात घर कसं घ्यावं
(कुपवाडच्या नवशिक्यांसाठी सात पायऱ्या)

आल्प्समध्ये बर्फावर घसरायला जायची जी गावं आहेत, तिथं घर घ्यायचं आणि राहायला मात्र उन्हाळ्यात जायचं, अशी हौस करणारी माणसं आहेत. गर्दी नाही, गवत हिरवं आणि हवा मोफत. आपल्याकडे घसरायला बर्फ नाही, फक्त शेवाळ आहे. तेव्हा तीच हौस आपल्या पद्धतीनं करायची तर उन्हाळ्याच्या गावी घर घ्यावं आणि ते पावसाळ्यात वापरावं. कुपवाडपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर महाबळेश्वर त्यासाठीच वसवलेलं आहे, असं समजून पुढं चला.

पायरी पहिली: कारण तयार ठेवा

घरात पहिला प्रश्न येणार, "अहो, पावसात तिथं करायचं काय?" यावर आकडे फेका. आपल्या भागात वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरात पाच हजारांच्या वर. एकट्या जुलैतच दोन हजारांच्या आसपास. म्हणजे कुपवाडला तीन वर्षांत जो पडतो तो तिथं एका महिन्यात मिळतो. दर मिलिमीटरला किती रुपये पडले हे काढलं, तर याहून स्वस्त मालमत्ता महाराष्ट्रात नाही.

इतिहासात मात्र शिरू नका. १८२९ साली साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांच्यात करार झाला. इंग्रजांनी वाईकडचं खंडाळा देऊन महाबळेश्वर घेतलं आणि तिथं माल्कम पेठ वसवली. पुढं मुंबई सरकार उन्हाळ्यात दप्तरासकट वर जायचं आणि पाऊस लागायच्या आत पुण्याला उतरायचं. हाताशी पलटण, खानसामे आणि तिजोरी असलेल्या माणसांनीही जुलै तिथं काढला नाही. ही माहिती सौभाग्यवतींच्या हाती लागली तर व्यवहार याच पायरीवर थांबतो.

पायरी दुसरी: एजंटाची भाषा शिका

ऑफ सीझनला घर स्वस्त मिळतं हा नवशिक्यांचा लाडका समज. जूनमध्ये हॉटेलच्या खोलीचा दर पडतो, जागेचा नाही. जागेच्या भावाला छत्री लागत नाही. एजंट तुम्हाला "दादा" म्हणेल, "तुमच्यासाठी म्हणून" असं म्हणेल आणि "काल एक पुण्याची पार्टी येऊन गेली" असंही म्हणेल. पुण्याची पार्टी कायम कालच आलेली असते. बाकीच्या शब्दांचे अर्थ असे:

व्हॅली व्ह्यू: घर उतारावर आहे.
निसर्गाच्या सान्निध्यात: दूध आणायला चार किलोमीटर.
फार्महाउस प्लॉट: शेतजमीन.
क्लिअर टायटल: पाच भाऊ तयार आहेत, सहावा मुंबईत असतो.
नव्या महाबळेश्वरात: सध्या काहीच नाही. राज्य रस्ते विकास महामंडळाकडे कोयनेच्या बाजूच्या दोनशेहून अधिक गावांचा या नावाचा प्रकल्प दिलेला आहे. एजंटाच्या नकाशात मात्र तिथं आजच दिवे लागलेले असतात.

पायरी तिसरी: कागद बघा

इथं गंमत बाजूला ठेवा, कारण कागद गंमत करत नाही. जमीन शेतीची असेल तर १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. तासगावला वडिलांच्या बागेत तुमचं नाव लागलेलं असेल तर तो सातबारा शोधून ठेवा. एरवी भाऊबंदकीत त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसेल, पण आता तोच तुमचा पासपोर्ट.

जुना, दगडी, व्हरांड्याचा बंगला आवडला तर तो कशावर उभा आहे ते विचारा. महाबळेश्वरातले कित्येक जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जागेवर आहेत. भिंती विकणाऱ्याच्या, जमीन सरकारची आणि पट्ट्याची मुदत कधी संपते ते कोणीच मोठ्यानं सांगत नाही. नवीन बांधकाम असेल तर बिगरशेतीचा आदेश, बांधकाम परवाना आणि लागू असेल तर महारेराचा नंबर, तिन्ही पाहा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठांपेक्षा जास्त घरं असतील तर तो नंबर लागतोच.

यावर कळस म्हणजे १७ जानेवारी २००१ ची केंद्राची अधिसूचना. तिनं महाबळेश्वर-पाचगणी हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग ठरवला. तिथं झाड तोडणं, डोंगर पोखरणं, पाणी उपसणं, मजले चढवणं, सगळ्यावर निर्बंध आहेत. "मागून एक खोली काढू की, कोण बघतंय?" हे वाक्य कुपवाडच्या शेडला एकवेळ चालून जाईल, तिथं नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला म्हणजे सगळं कायदेशीर झालं, असंही समजू नका. त्या कचेरीत नोंद होते, चौकशी नाही.

पायरी चौथी: घर जुलैत बघा

एजंट तुम्हाला डिसेंबरात नेईल. धुकं उतरलेलं, स्ट्रॉबेरी आलेली, गाडी थेट दारात. नको म्हणा. जुलैत जा आणि आधी पश्चिमेची भिंत गाठा. वारा आणि पाऊस त्या बाजूनं येतात. भिंतीवर तळहात सपाट टेकवून दहा आकडे मोजा. हात गार लागला तर घर चांगलं. ओला झाला तर नेहमीचं. हाताला रंगाचा पोपडा चिकटून आला तर मालकानं परवाच रंग दिलाय. मग कपाट उघडून आत नाक घाला. स्विचबोर्डातून पाणी ओघळत असेल तर बटण दाबून बघण्याची हौस एजंटाला करू द्या.

तिथली जुनी माणसं पावसाआधी घराला बाहेरून गवताच्या झडपा बांधायची. आता प्लॅस्टिकचा कागद आणि बांबू आले. निळ्या कागदात गुंडाळलेलं घर पाहून कोणीतरी ते कुरिअरनं पाठवायला काढलंय असं वाटेल, पण तीच तुमची गुंतवणूक. हा कागद दरवर्षी मे महिन्यात बांधायचा असतो आणि बांधणारा माणूस मे महिन्यात मिळत नसतो.

पायरी पाचवी: रस्ता

ईश्वरपूरवरून (पूर्वीचं इस्लामपूर) पेठ नाका, तिथून कराड, सातारा हा महामार्ग. तो सहापदरी होतोय. कधी होईल हा प्रश्न विचारून प्रवासाची सुरुवात बिघडवू नका. तासवड्याचा टोलनाका तुमची गाडी ओळखू लागेल. पुढं वाईवरून पसरणी घाट किंवा मेढ्यावरून केळघर घाट. दोन्ही सुंदर आहेत आणि पावसात दोन्हीकडे दरड केव्हा येईल त्याचं वेळापत्रक नाही. जुलै २०२१ मध्ये एवढा पाऊस झाला की पलीकडचा पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाटही जागोजागी खचला. म्हणून शुक्रवारी निघून रविवारी परतायचा बेत आखताना बुधवारपर्यंतची औषधं बरोबर घ्या.

पायरी सहावी: पहिला मुक्काम

कुलूप उघडणार नाही. खोबरेल तेल, मग हातोडी, असा क्रम ठेवा. आत चामड्याच्या बुटांवर हिरवट लव आलेली असेल. झाडून टाका, गेल्या वर्षीही होती. काडेपेटी पेटत नाही म्हणून लायटर न्या. बरोबर आणलेलं भडंग पुडा फोडल्याबरोबर खा, कारण दहाव्या मिनिटाला ते दाताखाली वाजायचं बंद होतं. कपडे दोरीवर घालायचे नसतात, अंगावरच वाळवायचे असतात. ज्या दरीसाठी जादा पैसे मोजले ती खिडकीबाहेरच आहे. दिसत नाही, धुक्यामुळं. अधूनमधून पांढऱ्या पडद्यात काळं काहीतरी हललं तर तो गवा. त्याला व्हॅली व्ह्यू फुकट आहे.

बिछाना आणि छत सांभाळायला एक माणूस ठेवावाच लागतो. पगार तुम्ही देता, घरपट्टी तुम्ही भरता आणि वर्षातले साडेअकरा महिने घरात वावर त्याचा असतो. व्यवहाराकडे नीट पाहिलं तर त्यानं घर घेतलंय आणि हप्ते तुम्ही फेडताय. स्वित्झर्लंडच्या लोकांनी अशा कुलूपबंद घरांना कंटाळून मार्च २०१२ मध्ये मतदान घेतलं आणि कुठल्याही गावात अशी दुसरी घरं वीस टक्क्यांच्या वर नकोत असं ठरवलं. आपल्याकडे असं मतदान जुलैत घेतलं, तर बंगलेवाले मतदानाला येणार नाहीत एवढं नक्की.

पायरी सातवी: पाहुण्यांची सोय

एप्रिल-मेमध्ये किल्ली मेहुण्याकडे, दिवाळीत साडूकडे, नाताळात साहेबांच्या साहेबांकडे. तुमच्या वाट्याला जुलै-ऑगस्ट येतो. मार्गदर्शिका पावसाळ्याची आहे ती त्यामुळंच.

आता शेवटची गोष्ट. तुम्ही जो पाऊस बघायला वर जाता, तो काही वर राहत नाही. कृष्णा, वेण्णा आणि कोयना तिथल्याच डोंगरातून निघतात. धोम, कण्हेर, कोयना ही धरणं भरतात आणि कोयनेचे दरवाजे उचलले की "किती क्युसेक?" हा एकच प्रश्न सांगलीभर फिरतो. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. अशा वेळी गावभागातली आत्या, सांगलीवाडीचे व्याही, त्यांची दोन म्हातारी माणसं, गॅसची टाकी आणि कागदपत्रांची पेटी, सगळं उंचावरच्या कुपवाडात येतं. महाबळेश्वरच्या घरात त्या आठवड्यात फक्त गळती असते.

म्हणून टोकन देण्याआधी एक करून बघा. एजंटानं सांगितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्शात कुपवाडच्या घरावर एक खोली चढवा, रीतसर परवाना काढून. संडास वेगळा ठेवा, पाण्याची टाकी मोठी घ्या, चार गाद्या जादा शिवून घ्या. उंचावर आहे, पावसाळ्यात वापरात येते, पाहुणे स्वतःहून येतात आणि भिंत वाळलेली असते. महाबळेश्वरला जायचंच असेल तर हॉटेलात जा. जुलैत दर पडलेले असतात.