एकास एक, एकास अनेक आणि आत्या

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं ठरलं की घराण्यात दोन माणसांचा शोध सुरू होतो. एक देणगी देणारा आणि दुसरा ‘कॉम्प्युटरमधला’. पहिला सहसा अमेरिकेत सापडतो. दुसरा म्हणून मला धरण्यात आलं. माझी सगळी नोकरी डेटाबेसची टेबलं मांडण्यात गेली, हे आमच्या कुलमंडळाला ठाऊक होतं. डेटाबेसमधलं टेबल म्हणजे काय, हे ठाऊक नव्हतं. अध्यक्षकाका म्हणाले, “त्यात काय आहे? नावं टाकायची आणि रेघा मारायच्या. रविवारी जेवून बसलास तर चहापर्यंत होईल.”

नावं टाकायला खरंच वेळ लागत नाही. एक माणूस, एक रेकॉर्ड. जन्म, मृत्यू, शिक्षण, व्यवसाय आणि ‘स्वभाव’. या शेवटच्या कॉलमात आमच्या घराण्यातला प्रत्येक माणूस मनमिळाऊ आहे. वेळ जातो तो रेघांत. ही रेघ एकाकडून एकाकडेच जाणार, एकाकडून अनेकांकडे, की अनेकांकडून अनेकांकडे? वन-टू-वन, वन-टू-मेनी, मेनी-टू-मेनी. पर्याय तीनच, पण सुरुवातीला चुकीचा धरला की पुढे सगळी टेबलं मोडून पुन्हा मांडावी लागतात.

मदतीला नुकताच इंजिनिअर झालेला पुतण्या होता आणि माहितीला थोरली आत्या. आत्या नव्वदीच्या पुढची. सहा पिढ्या तोंडपाठ आणि त्यांतल्या कोणाचं कोणाशी का बोलणं नव्हतं, हेही.

मंडळाने आधीच एक्सेलची शीट करून ठेवली होती. त्यात बापाच्या ओळीत ‘अपत्य 1’ ते ‘अपत्य 5’ असे कॉलम. हल्लीच्या पिढीत त्यांतले चार रिकामे. मी विचारलं, “आत्या, पणजोबांना मुलं किती?”

“अकरा. गेलेली धरून चौदा.”

यावर मंडळाने ‘अपत्य 14’पर्यंत कॉलम वाढवायचं ठरवलं. मी म्हटलं, “थांबा. बापाच्या ओळीत मुलं लिहायचीच नाहीत.” जत्रेत नेताना लहान मुलाच्या खिशात बापाच्या नावाची चिठ्ठी घालतात, चौदा मुलांची यादी बापाच्या खिशात घालत नाहीत. वन-टू-मेनी म्हणजे एवढंच. किल्ली ठेवायची ती ‘अनेक’ ज्या बाजूला आहेत तिथे. मग मूल एक असो की चौदा, कॉलम एकच लागतो. आमच्या धंद्यात या चिठ्ठीला फॉरेन की म्हणतात.

पुतण्याने लगेच कॉलम केले. बापाची की सक्तीची, आईची ऐच्छिक. कारण जुन्या आवृत्तीत बायकांची नावं बरीचशी गाळलेलीच होती. आत्या चष्मा पुसत म्हणाली, “उलट केलंस रे. बाळंतपण चार बायकांसमोर होतं. आईची खात्री असते. सक्ती करायचीच तर तिची कर.” आणि मग, “शिवाय मूळपुरुषाचा बाप कोण म्हणून लिहिणार आहेस?”

हा प्रश्न मी मुलाखतीत उमेदवारांना विचारत असे. टेबलातला प्रत्येक माणूस त्याच टेबलातल्या दुसऱ्याकडे बोट दाखवत असेल आणि ते बोट सक्तीचं असेल, तर पहिला माणूस आत घालणार कसा? सक्ती काढली. आईचीही केली नाही, कारण मूळपुरुषाला तीही होतीच.

“पुढचं सोपं आहे, काका,” पुतण्या म्हणाला. “नवरा-बायको. वन-टू-वन.” त्याचा नुकताच साखरपुडा झाला होता, त्यामुळे त्याला तसं वाटणं साहजिक होतं.

“तुझ्या खापरपणजोबांच्या तीन होत्या,” आत्या म्हणाली. “दोन एकाच वेळी.”

मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना 1946 साली बंदी आली. त्याआधीचे पुरुष आमच्या कुलवृत्तांतात भरपूर. बरं, कायद्यानंतर एका वेळी एकच असली, तरी आयुष्यात एकच असते असं नाही. “मग वन-टू-मेनी,” पुतण्याने माघार घेतली. पण तीही अर्धीच. पहिली पत्नी गेल्यावर धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या. म्हणजे त्यांच्या बाजूनेही हे दुसरंच लग्न. दोन्हीकडून ‘अनेक’ शक्य असेल, तर ते मेनी-टू-मेनी. तिथे नवऱ्याच्या रेकॉर्डमध्ये बायको किंवा बायकोच्या रेकॉर्डमध्ये नवरा कोंबून भागत नाही; मध्ये ‘विवाह’ नावाचं तिसरं टेबल घालावं लागतं. लग्नाची तारीख, स्थळ, माहेरचं नाव या गोष्टी ना एकट्या त्याच्या ना एकट्या तिच्या, त्या लग्नाच्या. ‘एका वेळी एकच’ हा नियम वेगळा लावता येतो. त्यासाठी टेबलांचा आकार आवळायचा नसतो.

डेटाबेसमधली नाती मांडण्याच्या या विषयाचे आद्य पुरुष पीटर चेन एमआयटीत होते. 1976च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनीही विवाहाचंच उदाहरण घेतलं आहे. विवाह हे दोन व्यक्तींमधलं नातं मानावं, की विवाह हीच स्वतंत्र वस्तू मानावी, यावर मतं वेगवेगळी असू शकतात, असं सांगून त्यांनी निर्णय त्या त्या संस्थेच्या प्रशासकावर सोडला. आमच्याकडे प्रशासक आत्या. तिने लग्न ही स्वतंत्र वस्तू असल्याचा निर्वाळा दिला: “नवराबायको दोघंही जातात, लग्नाचं देणं मागे राहतं.”

या टेबलात शेवटचा कॉलम ‘विवाहसमाप्ती’. मंडळाचा त्याला कडवा विरोध. आमच्या घराण्यात घटस्फोट झालेला नाही, असं अध्यक्षकाका म्हणाले. आत्याने बोटं मोजायला घेतली, तेव्हा कॉलम एकमताने मंजूर झाला.

मग दत्तक. आत्याला इथे घरातली उदाहरणं द्यायची होती. मी बडोद्याचं दिलं, कारण त्यावर कोणी रुसणार नव्हतं. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ जन्मला 1863 साली. बडोद्याचे खंडेराव महाराज वारले 1870 साली. त्यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी 1875 साली गोपाळला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. म्हणजे मुलगा झाला तो वडील जाऊन सुमारे साडेचार वर्षं लोटल्यावर, आणि जन्मदाते वडील वेगळेच. ‘एका माणसाला एकच बाप’ ही रेघ इथे तुटते. पुन्हा मधलं टेबल: ‘पालकत्व’. कोणाचा कोण, जन्माने की दत्तविधानाने, आणि कधीपासून.

पुतण्याला अजूनही वाटत होतं की आपण वंशवृक्ष काढतो आहोत. पण झाडाची फांदी दुसऱ्या फांदीला जाऊन चिकटत नाही. आमच्यात आतेमामेभावंडांची लग्नं झालेली. त्यांच्या मुलांना एकाच पणजोबांकडे जायला दोन वाटा. गंमत म्हणजे आयबीएमने 1966च्या सुमारास अपोलो मोहिमेसाठी डेटाबेस करायला घेतला, त्याची रचना झाडासारखीच होती. अवाढव्य रॉकेटच्या सुट्या भागांची यादी त्यात ठेवायची होती. प्रत्येक पोटभागाच्या डोक्यावर एक मुख्य भाग. चंद्रावर जायला तेवढं पुरलं. आमच्या आजोळी जायला पुरत नाही. 1970 साली त्याच आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी सांगितलं, की वाटा आधीपासून बांधून ठेवू नका. माहिती साध्या टेबलांत ठेवा आणि कोण कोणाचं ते विचारायच्या वेळी किल्ल्या जुळवून काढा. आत्या आयुष्यभर हेच करत आली होती.

एकदा भर सभेत एका शाखेने मागणी केली, की ज्या चुलतपणजोबांनी कोकणातली जमीन परस्पर विकली, त्यांचं नावच उडवा. पुतण्या तत्परतेने उडवायला निघाला. त्याने टेबलांवर ‘कॅस्केड’ लावून ठेवलं होतं. म्हणजे बाप पुसला की मुलं पुसली जातात, मग नातवंडं, मग पतवंडं. मी विचारलं, “यांची पतवंडं कोण, बघितलंस?” त्यात अमेरिकेतले देणगीदार होते. पूर्वजांविषयी आकस धरणं आपल्या संस्कृतीत बसत नाही, असा ठराव पाच मिनिटांत पास झाला. कॅस्केड काढलं. मागे कोणी असेतो माणूस पुसता येणार नाही, असा नियम डेटाबेसलाच घालून दिला.

“निदान माणूस आणि त्याची जन्मपत्रिका तरी वन-टू-वन?” पुतण्याने काकुळतीने विचारलं.

“खरी, की लग्नासाठी केलेली?” आत्या म्हणाली.

सगळ्या कुलवृत्तांतात वन-टू-वन एकच निघालं. नावं तपासताना आत्या दर माणसावर एकेक वाक्य बोलत होती आणि पुतण्या ते टिपत होता. माणशी एकच वाक्य, पण ‘मनमिळाऊ’शी त्याचा मेळ बसेना. खरं तर जिथे एकास एकच आहे तिथे वेगळं टेबल लागत नाही, कॉलम पुरतो. पण काही माहिती सगळ्यांना दिसून चालत नाही. अशा वेळी तेवढं एक टेबल वेगळं काढून त्याला कुलूप लावायचं असतं. ‘आत्याचा शेरा’ हे टेबल तसं वेगळं आहे. ते छापलं जाणार नाही.

तेव्हा वाचकहो, रेघ एकेरी की अनेकेरी हे ठरवताना आज काय आहे ते बघू नका. दुसरा कधी झाला होता का आणि पुढे होऊ शकेल का, एवढंच विचारा. उत्तर ‘छे, आमच्यात नाही’ असं आलं, तर ते अध्यक्षांचं आहे असं समजा आणि आत्याकडे जा. ती ‘हो’ म्हणाली की मेनी-टू-मेनी करून मोकळे व्हा.