मिनिमम ड्यूबाईंना अनावृत पत्र

सौ. मिनिमम ड्यूबाई यांना,
मुक्काम : क्रेडिट कार्डाचं बिल, पान पहिलं, उजवीकडचा चौकोन

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपला-आमचा संबंध आता सुटला आहे आणि निरोप न घेता निघणं आमच्या सांगलीत बरं दिसत नाही.

आपली पहिली भेट मला लख्ख आठवते. जून 2024. आदल्या दिवाळीत फ्रिज घेतला होता, 'नो कॉस्ट' हप्त्यांवर. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच सगळ्या बँकांना लिहून कळवलं होतं म्हणे. आम्ही बँक नसल्यामुळे आम्हाला ते पत्र आलं नाही. मागोमाग आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग मावसभावाचं लग्न, त्याचा आहेर, आणि त्या लग्नात चारचौघांत खिशातून काढता येईल असा एक फोन. (हा शेवटचा खर्च निव्वळ माझा. सगळं आईच्या डोळ्यांवर ढकलणं बरं नव्हे.) बिल उघडलं तर आपले यजमान टोटल ड्यूराव मिशीला पीळ देत उभे : 64,000. शाळेतल्या कारकुनाचे दोन पगार. आणि त्यांच्या शेजारी पदर सावरत आपण : 3,200. "यांचं काय मनावर घेता भावजी, एवढं द्या, बाकीचं बघू सावकाश."

इतक्या मायेनं आजवर माझ्याशी कुठला आकडा बोलला नव्हता.

आठ महिने मी तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही. कार्डावर नवीन काही घेतलं नाही, तारीख चुकवली नाही. लेट फी नाही, वसुलीचा फोन नाही, बँकेच्या दप्तरी मी सज्जन. या आठ महिन्यांत 25 हजारांच्या आसपास भरले आणि 64 चे 60 झाले.

उरलेले 21 हजार कुठे गेले, हा प्रश्न तुम्हाला विचारणं असभ्यपणाचं, म्हणून मी कागद-पेन्सिल घेतली. 60,000 वर महिना साडेतीन टक्के म्हणजे 2,100. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 378. झाले 2,478. मी भरणार पाच टक्के, म्हणजे 3,000. मुद्दलातून हलले फक्त 522. आणि मुद्दल घटेल तशा तुम्हीही दर महिन्याला लहान होत जाणार, केवढा तो विनय! याच चालीनं कर्ज निम्म्यावर यायला साडेसहा वर्षं लागली असती आणि तोवर मी पावणेदोन लाखांच्या घरात भरले असते. नुसतं किमान भरत राहिलात तर परतफेड वर्षानुवर्षं लांबेल, अशी सूचना बिलावर छापलेली असते, हे खरं. सिगारेटच्या पाकिटावरही असते.

माझ्या आजोबांचा तासगावला एक सावकार होता. महिना शेकडा दोन. आजोबा मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं की थुंकायचे. तुम्ही साडेतीन घेता आणि वर रिवॉर्ड पॉइंट देता! त्या बिचाऱ्याने पॉइंट दिले असते तर आमच्या घराण्यात त्याची तसबीर लागली असती. 30 टक्क्यांच्या वर वार्षिक व्याज लावणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली म्हटलं होतं. 2024 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. उशिरानं का होईना, अभिनंदन.

आता बिनसलं कुठे ते सांगतो. फेब्रुवारीत बायकोला ते बिल सापडलं. ती भांडली नाही. भांडली असती तर दोन दिवसांत मिटलं असतं. तिनं 2,478 ला 30 नं भागलं आणि कालनिर्णयवर, जिथे रोजचं दूध लिहितात तिथे दुधाच्या खाली, रोज '82' लिहायला लागली. चौथ्या दिवशी आईनं चष्मा लावून विचारलं, "हे 82 कुणाचं गं? दुसरा रतीब लावलाय का?" बायको म्हणाली, "हो. यांनी लावलाय. म्हशीचं सव्वा लिटर. पितं कोण ते यांनाच विचारा."

ड्यूबाई, तोवर आपलं नातं खासगी होतं. भिंतीवर आलं आणि त्यातली गोडी गेली.

मग सल्लागार जमले. प्रत्येकाचा पहिला सल्ला चहाचा. टपरीवरचा चहा बंद करा, बघा कसे पैसे साठतात! दोन कपांचे 20, महिन्याचे 600. माझं म्हणणं असं की दिवसातली ती दोन दहा-दहा मिनिटं मला कुणी काही विकत नाही, सबब चहा राहील. बायकोनं महिनाभर वही ठेवली तेव्हा गळती भलतीकडेच निघाली : कुणीही न बघणारी दोन ओटीटी, मी चारदा गेलेली जिम, आणि आईच्या जुन्या नंबरावर दर महिन्याला आपोआप होणारं रिचार्ज, जो नंबर गेली दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता. ज्या खर्चाला हात खिशात घालावा लागत नाही, तो खर्च आठवतही नाही. सगळं मिळून महिन्याला 2,100 निघाले. चहा वाचला.

खरं रणकंदन झालं ते आरडीवरून. लेकीच्या नावानं म्हणून 2022 च्या फेब्रुवारीपासून पोस्टात महिना 1,000. त्यावर 5.8 टक्के मिळवत होतो आणि त्याच घरात तुम्हाला वर्षाला 42 टक्के, जीएसटी धरून जवळजवळ 50, देत होतो. एका हातानं थेंब थेंब साठवायचं आणि दुसऱ्या हातानं नळ सोडून ठेवायचा, याला आम्ही काटकसर म्हणत होतो. पण मोडायची म्हटल्यावर घरात सुतक आल्यासारखं झालं. मुलीचे पैसे! पोस्टाचा नियम असा की तीन वर्षं झाल्यावर आरडी मुदतीआधी बंद करता येते, मात्र व्याज बचत खात्याचं, म्हणजे 4 टक्के. नुकसान किती? तीन वर्षांचं मिळून हजारेक रुपये. आणि तेवढ्याच 36 हजारांवर तुमचा एका महिन्याचा आकार : 1,487. हे दोन आकडे बायकोनं एकाखाली एक लिहिले, आईपुढे धरले आणि पोळ्या करायला गेली. दुसऱ्या दिवशी आई स्वतःच म्हणाली, पोस्ट किती वाजता उघडतं?

आरडीचे 38 हजार तुमच्या यजमानांच्या अंगावर घातले. राहिले 22. त्यासाठी पिग्मी कामाला आली. तुम्ही मोठ्या घरच्या, तुम्हाला पिग्मी ठाऊक नसेल. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेनं 1928 साली काढलेली ही युक्ती : बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि दोन आणे घेऊन जाणार. गरिबाकडे पैसा नसतो असं नाही, तो महिनाअखेरपर्यंत टिकत नाही, एवढं ती बँक काढणाऱ्या पै मंडळींना कळलं होतं. आमच्याकडच्या पतसंस्थांचे पिग्मीवाले अजून पेठेत दुकानादुकानांतून फिरतात. आम्ही ती उलटी फिरवली. रोज सकाळी चहाआधी मोबाइलवरून कार्डाच्या खात्यात 70 रुपये. वहीतल्या त्याच 2,100 चे रोजचे 70. तुमचं व्याज रोजच्या बाकीवर धरतात, त्यामुळे हे 70 पहिल्या दिवसापासून कामाला लागतात. महिनाअखेरपर्यंत ठेवले असते तर त्यातले 40 कुठेतरी भेळीत गेले असते. शिवाय दर महिन्याचे 3,000 सोडले नाहीत. तुम्ही 1,100, 900 असं गोड आवाजात सांगत राहिलात तरी 3,000 च.

मध्यंतरी बँकेतून एका मुलीचा फोन आला. सर, तुम्ही रोज 70 रुपये भरताय, काही टेक्निकल अडचण आहे का? म्हटलं, होती, आता कमी होतेय. तिनं लगेच उरलेल्या रकमेचे सोपे हप्ते करून देण्याविषयी विचारलं. तुमचीच धाकटी बहीण असावी.

जुलैत बिल आलं. टोटल ड्यू 0. मिनिमम ड्यू 0. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तुम्ही आणि यजमान एका उंचीचे दिसलात. जोडा शोभून दिसतो.

कळावे, लोभ नसावा ही विनंती.

आपला
(एके काळचा) आज्ञाधारक

ता. क. : त्याच आठवड्यात मेसेज आला की माझी शिस्त पाहून कार्डाची मर्यादा दुप्पट करायची आहे, फक्त होकार कळवा. बायकोनं मेसेज वाचला आणि कालनिर्णयवर त्या तारखेला दुधाच्या खाली काट मारली. आई अजून विचारते, म्हशीवाला बदलला का?