मेव्हणे, पाना आणा!

पुण्याहून मेव्हणे ताईकडे व्हर्जिनियात राहायला गेले ते नवी पांढरी पँट घेऊन. "या तर खरं, यॉटवरून फिरवून आणतो," असं दाजी फोनवर म्हणाले होते आणि यॉटवर माणसानं पांढऱ्या पँटमध्येच उभं राहायचं असतं, एवढं हिंदी सिनेमा पाहून मेव्हण्यांना ठाऊक होतं. (मेव्हणे म्हणजे प्रस्तुत लेखकच. स्वतःबद्दल तृतीयपुरुषी लिहिलं की जरा भारदस्त वाटतं, म्हणून.)

धक्क्यावर गेल्यावर यॉटचं दर्शन झालं, पण दाजींचं पूर्ण झालं नाही. फक्त तळपाय दिसले. बोटीच्या दिवाणखान्यातली सागवानी जमीन चौकोनात उचकटून भिंतीला टेकवून ठेवली होती आणि उरलेले दाजी त्या भगदाडात उलटे लोंबत होते. आतून आवाज आला, "मेव्हणे, आलात का? प्रवास बरा झाला ना? तो 9/16 चा पाना आणा बघू इकडे."

पुढचा सगळा मुक्काम मेव्हण्यांना याच नावानं हाक मारली गेली. मेव्हणे-पाना-आणा.

बोट 42 फुटी ग्रँड बँक्स. घराणं मूळ हाँगकाँगचं, ही बांधली सिंगापूरला, 1970 च्या दशकाच्या शेवटी. या बोटी आधी लाकडाच्या असत, 1973 पासून फायबरग्लासच्या झाल्या. मासेमारी ट्रॉलरच्या वळणाचं उंच नाक, हात लावाल तिथे सागवान आणि पोटात दोन डिझेल इंजिनं. वेग सुमारे 8 नॉट, म्हणजे ताशी 15 किलोमीटर. मेव्हण्यांची बजाज चेतक कात्रजच्या उतारावर इंजिन बंद करूनही याहून जोरात जायची, आणि हे त्यांनी दाजींना लगेच सांगितलं. दाजींनी ते ऐकलं नसल्याचं दाखवलं.

चेतकचा उल्लेख इथे थांबणार नाही, हे वाचकांनी आत्ताच समजून घ्यावं. मेव्हण्यांचं सारं यंत्रज्ञान तिच्यापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. गाडी डावीकडे तिरकी करायची, सरळ करायची, किक मारायची. नाही झाली सुरू तर प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा. एवढ्या भांडवलावर एका माणसाची नोकरी, लग्न आणि मुलांच्या शाळा निभावल्या, मग बोट काय अवघड आहे?

दाजी मूळचे हर्णैचे. पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या खालून लपाछपी खेळत ते वाढले. कोकणात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेवढ्यात नाखवा तळ खरवडतो, रंग काढतो, इंजिन खोलतो. "वर्षातले दोन महिने बोटीचे, दहा आपले," असं दाजी सांगतात. ताईचा हिशेब उलटा आहे. ताई बोटीला नावानं हाक मारत नाही. 'ती' म्हणते.

तीन वर्षांपूर्वी 'ती' घेताना सर्व्हेयर आला होता. हे गृहस्थ प्लॅस्टिकची हातोडी घेऊन डेकवर रांगतात आणि टकटक करत ऐकतात. खणखणीत आवाज आला की पुढे सरकायचं, बद्द आला की खडूनं फुली. दुपारपर्यंत डेकवर इतक्या फुल्या झाल्या की ताईला वाटलं, एवढं पाहून तरी हे घेणार नाहीत. कारण साधं आहे. सागाच्या पट्ट्या खालच्या फायबरग्लासला स्क्रूनं बसवलेल्या असतात. शेकडो स्क्रू म्हणजे शेकडो भोकं. पट्ट्यांमधलं काळं सीलंट उन्हानं सुकतं, पाणी भोकातून आतल्या लाकडात झिरपतं आणि वरून चकचकीत दिसणारं डेक आतून भुसा होत जातं. यात कारखान्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पंचेचाळीस वर्षं उघड्यावर काढल्यावर कोणाचे सांधे शाबूत राहतात? दाजींनी सगळा साग उपटला, कुजका गाभा खरवडून काढला, भोकं इपॉक्सीनं बुजवली, वर काचतंतूंचे थर दिले. त्या हिवाळ्यात ते घरी फक्त आंघोळीला यायचे. तेही ताईनं सांगितलं तर.

बोट पाळणाऱ्यांत एक ठोकताळा आहे: दरसाल देखभालीला बोटीच्या किमतीच्या 10 टक्के धरा. जुन्या बोटीला तो लावणारा फसलाच म्हणायचा. बोट जुनी होते तशी स्वस्त होते, पण तिचा पंप स्वस्त होत नाही. दुकानदार पंप विकताना बोटीचं वय विचारत नाही.

इंजिनांवर मात्र दाजींचा जीव. फोर्ड लेमन, प्रत्येकी 120 अश्वशक्ती, सहा सिलिंडर. मूळ फोर्डचं विलायती डिझेल इंजिन. न्यू जर्सीच्या लेमन कंपनीनं त्याला समुद्री साज चढवला. नीट सांभाळलं तर हजारो तास चालतं, फक्त त्याची एक खोड आहे. त्याच्या इंजेक्शन पंपाचं तेल वेगळं असतं आणि ते दर 50 तासांनी बदलावं लागतं. दाजींच्या वहीत त्या तारखा लाल शाईत आहेत. लग्नाचा वाढदिवस त्याच वहीत आहे, पण निळ्या शाईत.

पहिल्या तपासणीत मेव्हण्यांना इंजिनाच्या मागे, जिथून पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथे, थेंब थेंब पाणी आत येताना दिसलं. पुणेकराला गळता नळ सहन होत नाही. मेव्हणे पाना घेऊन धावले.

"हात लावू नका!" दाजी ओरडले. "ते गळायलाच पाहिजे."

दांडा फिरताना त्या स्टफिंग बॉक्समधून मिनिटाला दोनचार थेंब यावे लागतात. त्या पाण्यानंच दांडा आणि भोवतीचं पॅकिंग थंड राहतं. पार कोरडं केलं तर दांडा तापून झिजतो. ज्या बोटीत ठरवून पाणी घेतात तिच्यात आपण का बसलो आहोत, हा विचार मेव्हण्यांनी मनातच ठेवला.

प्रवास नॉरफोकहून दक्षिणेला. नॉरफोकचा नौदल तळ जगातला सर्वांत मोठा. विमानवाहू नौका पाहिल्या, मोठ्या आहेत. मग फ्लोरिडापर्यंत जाणाऱ्या अंतर्गत जलमार्गाचा शून्य मैल, मग डीप क्रीकचं लॉक. फाटक बंद झालं, पाणी चढलं आणि बोट उचलून ग्रेट डिस्मल स्वॉम्पच्या कालव्यात सोडली. अमेरिकेत अजून चालू असलेल्या मानवनिर्मित कालव्यांतला हा सर्वांत जुना, 1805 पासूनचा. लांबी 22 मैल, खोली जेमतेम 6 फूट, दोन्ही बाजूंनी झाडं अंगावर आलेली. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. सायप्रस आणि सीडरच्या टॅनिननं ते असं होतं आणि लवकर खराब होत नाही, म्हणून शिडाच्या जहाजांवर ते पिंपं भरभरून नेत.

त्या चहावर हिरवा गालिचा पसरला होता. मेव्हणे पुढच्या कठड्याला टेकून उभे राहिले. पांढरी पँट, हिरवं पाणी. त्यांनी ताईला फोटो काढायला सांगितला.

गालिचा डकवीडचा होता. मसुरीएवढी तरंगती पानं, खाली एकेक केसाएवढं मूळ. उन्हाळ्यात फावलं तर दोनेक दिवसांत दुप्पट होतात. आता, बोटीचं इंजिन थंड राहतं ते बाहेरचं पाणी आत ओढून. तळाच्या झडपेतून पाणी शिरतं, गाळणीतून जातं, रबरी पात्यांचा पंप ते उष्णता-विनिमयकात ढकलतो आणि ते धुराबरोबर मागून बाहेर पडतं. गाळणीत पाण्याऐवजी कोशिंबीर शिरली तर काय होईल, हे कळायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

ताईनं पोह्यांची फोडणी टाकली आणि भोंगा वाजला.

उजव्या इंजिनाचा काटा 180 फॅरनहाइटच्या घरातून उठून 210 कडे चालला होता. दाजींनी ते बंद केलं. "दोन इंजिनं कशाला असतात?" ते शांतपणे म्हणाले. त्यानंतर काही मिनिटांत डाव्यानंही उत्तर दिलं. वारा नाही, पाण्याला ओढ नाही. पंधरा टन बोट कालव्याच्या मधोमध उभी राहिली. ताईनं एका हातानं गॅस बंद केला, दुसऱ्या हातानं बोटहुक उचलून एक फांदी धरली आणि कढईकडे बघत म्हणाली, "अहो, जमीन उघडणार असाल तर आधी मला कोपऱ्यात जाऊ द्या."

जमीन उघडली. खाली भट्टी. गाळणीची काचनळी काठोकाठ हिरवी; मेव्हण्यांनी तिच्यातून ओंजळी काढून बादलीत टाकल्या आणि बादली पांढऱ्या पँटवर लवंडली. टॅनिनचा डाग जात नाही. ताईनं पुढे ब्लीच लावून पाहिलं, पँट फाटली, डाग राहिला.

डावं इंजिन गाळणी धुतल्यावर मार्गी लागलं. उजवं नाही. त्याचा पंप कोरडा फिरला होता आणि रबरी इम्पेलरची पाती तुटून गेली होती. नवा इम्पेलर दाजींकडे होता, एक नव्हे चार. पण तुटलेली पाती कुठे गेली ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नसतं, कारण तुकडा पुढच्या नळीत अडकला तर इंजिन पुन्हा तापतं. पाती सहा. पंपाच्या घरात तीन सापडली, नळीच्या वळणात दोन.

"सहावं?"

"दाजी, प्लग साफ करून बघू या का एकदा?"

भगदाडात बराच वेळ शांतता होती. मग आवाज आला, "डिझेलला प्लग नसतो, मेव्हणे."

एवढ्यात पिवळ्या माशा आल्या. डिस्मल स्वॉम्पची पिवळी माशी ही उन्हाळ्यातली स्वतंत्र संस्था आहे. ती भुणभुणत नाही, सरळ चावते, आणि दोन्ही हातांत तेलकट पाने धरलेला माणूस तिला दुरून ओळखता येतो. पर्यटन माहितीपत्रकावर काळं अस्वल असतं. माशीचं चित्र छापायला काय होतं, असं मेव्हण्यांचं मत आहे आणि ते बदललेलं नाही.

उष्णता-विनिमयकाचं झाकण खोलायचं तर तो आधी निवायला हवा. तोवर मेव्हण्यांनी दाजींच्या फळीवरचं एक पातळसं पुस्तक उघडलं. मोझेस ग्रँडी नावाच्या माणसाची आत्मकथा, लंडनमध्ये 1843 साली छापलेली. तो याच भागात कॅम्डेन काउंटीत गुलाम म्हणून जन्मला आणि याच कालव्यावर मालाच्या बोटी चालवायचा. आपल्या कमाईतून त्यानं मालकाला 600 डॉलर दिले, स्वातंत्र्यासाठी. मालकानं पैसे घेतले आणि त्याला विकून टाकलं. दुसऱ्या मालकाला पुन्हा 600 दिले, तिथेही तेच. तिसऱ्यांदा 650 दिले तेव्हा तो सुटला. कालवा खणला तोही भाड्यानं आणलेल्या गुलामांनी, 1793 पासून बारा वर्षं, हातांनी, गुडघाभर आणि त्याहून खोल चिखलात उभं राहून. जे पळाले त्यांतले कितीतरी या दलदलीतल्या उंचवट्यांवर लपून राहिले, तिथेच त्यांचे संसार झाले. ज्या माशांना आपण शिव्या घालतो आहोत त्यांच्यात.

मेव्हण्यांनी तो भाग मोठ्यानं वाचून दाखवला. दाजी भगदाडाच्या काठावर बसून हात पुसत होते, पुसतच राहिले. ताईनं फांदी सोडली नव्हती. "एकाच माणसानं स्वतःची किंमत तीनदा भरली?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आणि पहिल्या दोघांचं कोणी काही केलं नाही?"

सहावं पातं झाकणामागे, नळ्यांच्या तोंडाशी निघालं. दाजींनी पाची तुकड्यांशेजारी ते जुळवून ठेवलं, सहा मोजले, पुन्हा मोजले आणि मगच झाकण बसवलं. दोन्ही इंजिनं सुरू झाली, मागून पाणी पडू लागलं. ताईनं गार पोहे वाढले. शेंगदाण्याला डिझेलचा वास होता. पुढे दर अर्ध्या तासाला गाळणी उघडायची जबाबदारी मेव्हण्यांवर आली आणि ती त्यांनी चोख पार पाडली. साउथ मिल्सचं लॉक, पास्क्वोटँक नदी, एलिझाबेथ सिटी ही ठिकाणं या काळात डोक्यावरून गेली. एलिझाबेथ सिटीत बोटीनं येणाऱ्यांना गुलाबाचं फूल देण्याची पद्धत 1983 पासून आहे, असं म्हणतात. ते धक्क्याला लागले तेव्हा मेव्हणे जमिनीखाली होते.

बोटीबद्दल मेव्हण्यांचं मत विचाराल तर ती घ्यावी अशी नाही, पण घेतलीच तर बांधून ठेवू नये. उभ्या बोटीत रबरी पाती वाकलेल्या जागीच आखडतात, टाकीत ओलाव्यानं जंतू धरतात, सीलं सुकतात. चालवून जेवढी बिघडते त्याहून ती उभी राहून लवकर बिघडते. दाजी म्हणूनच निघतात, आणि म्हणूनच अडकतात.

ज्यांना हा कालवा पाहायचा आहे त्यांना बोटीची गरज नाही. यूएस 17 हा हमरस्ता त्याला लागूनच जातो. नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीत कालव्याकाठी स्वागतकेंद्र आहे, तिथे मोटारही लागते आणि बोटही. व्हर्जिनियाच्या बाजूला जुना रस्ता आता सायकलींसाठी ठेवला आहे. बोटीनंच जाणार असाल तर जादा इम्पेलर, गाळणीचा पाना आणि जुनी, काळी पँट न्या. जूनमध्ये जाऊ नका.