ठिपके आणि रेघ

माझ्या सौंदर्यदृष्टीविषयी घरात कुणाचं फारसं बरं मत नाही. पण जिवाणूंच्या वाढीच्या आलेखावर मी बसवलेली रेघ त्यांनी एकदा पाहावी! आधी आडवी, मग सरसर चढणारी, शेवटी दमून पुन्हा आडवी. आर-स्क्वेअर ०.९९ आला की मला वाटतं, जिवाणू माझं समीकरण वाचूनच वाढले असणार.

‘आर’ हे सॉफ्टवेअर हा तोरा फार टिकू देत नाही. वक्ररेषा बसवायची तर लॅग, म्हणजे सुरुवातीचा थांबा, किती, वेग किती, कमाल वाढ किती, याचे अंदाज आधी मीच त्याला द्यायचे. हे अंदाज फारच भलते निघाले की ‘सिंग्युलर ग्रेडियंट’ म्हणून ते हात वर करतं. अरे, उत्तर ठाऊक असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?

रेघेच्या समीकरणांत मी भक्त गोंपर्ट्झचा. विषय निघालाच आहे तर ऐकाच. लंडनचा बेंजामिन गोंपर्ट्झ ज्यू, म्हणून विद्यापीठाची दारं बंद. गणित स्वतःच शिकला आणि पुढे विमा कंपनीत ॲक्च्युअरी झाला. माणसाच्या मरणाची शक्यता वयाबरोबर घातांकी चालीनं वाढते, हे त्यानं १८२५ साली मांडलं. १९९० मध्ये झ्वीटरिंग आणि सहकाऱ्यांनी तेच सूत्र जिवाणूंच्या वाढीसाठी नव्यानं लिहिलं. म्हणजे मरणाच्या हिशेबातली रेघ आज आम्ही जन्माला लावतो! बारान्यी आणि रॉबर्ट्स यांचं १९९४चं मॉडेल जीवशास्त्राला जास्त धरून आहे, कबूल. पण त्यात विमा नाही, मरण नाही. चहाच्या वेळी सांगायचं काय?

परवा मात्र आलेखावर रात्री अडीचनंतरचे ठिपके रेघेखाली घसरलेले दिसले. माझं बोट डिलीटकडे निघालंच होतं. वाचनं घेणारी एम.एस्सी.ची मुलगी. रात्रभर दर अर्ध्या तासाला नमुना काढायचा, क्युव्हेट पुसायची, ६०० नॅनोमीटरला वाचन घ्यायचं. तिच्या वहीत अडीचच्या ओळीपुढे बारीक अक्षरात होतं : ‘शेकरचा पट्टा सुटला. पाऊण तास बंद. मीच बसवला.’ हलवणं थांबलं, हवा कमी पडली, जिवाणू रेंगाळले. ठिपके अगदी खरं बोलत होते.

आणि पेपरात नाव कुणाचं? रेघवाल्याचं. पट्टा बसवणारीला शेवटच्या परिच्छेदात ‘आभार’.

तेव्हा रेघवाल्यांनो, ‘आउटलायर’ म्हणून ठिपका उडवण्याआधी वहीतला शेऱ्यांचा रकाना वाचा. आणि त्या मुलीचं नाव लेखकांत घाला.