रोज रात्रीचा वेडेपणा

आमच्या घरात रोज रात्री साडेआठला एक वेडेपणा चालतो. टीव्ही बंद होतो, मालिका कितीही रंगात आलेली असो. गॅस बारीक होतो. तीन पिढ्यांची पाच माणसे सतरंजीवर बसतात आणि पवित्र शास्त्राचा एक अध्याय मोठ्याने वाचला जातो. कोणता? कालच्या पुढचा. आवडता, सोपा, प्रसंगाला साजेसा असा शोधायचा नाही, कालच्या पुढचा. मग प्रार्थना, मग ताटे.

शेजारच्या काकूंनी एकदा आईला विचारले, "अजून तेच पुस्तक चाललंय? संपलं नाही का हो?"

त्यांचे काही चुकले नाही. पुस्तक वाचून संपवायचे असते आणि कपाटात ठेवायचे असते. या पुस्तकात ६६ पुस्तके आहेत आणि १,१८९ अध्याय. रोज एक धरला तर सव्वातीन वर्षे लागतात. प्रकटीकरणाचा बाविसावा अध्याय झाला की दुसऱ्या रात्री आम्ही पुन्हा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर येतो. रोजची पंधरा मिनिटे म्हणजे वर्षाचे एक्क्याण्णव तास. तेवढ्या वेळात मुलगी एखादा क्लास करील, मी ओव्हरटाइम करीन, बायकोला जरा पाठ टेकता येईल. ज्या कामाला शेवट नाही, गुण नाहीत आणि पगारवाढ नाही, ते शहाणा माणूस करीत नाही. आम्ही करतो. या वेडेपणाची बाजू मला मांडायची आहे आणि त्यातला शब्द न् शब्द मी मनापासून लिहितो आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, वधस्तंभाचा संदेश जगाला मूर्खपणा वाटतो. ज्याच्या गाभ्यालाच जग मूर्खपणा म्हणते, त्याचे वाचन तेवढे शहाणपणाचे दिसावे, ही अपेक्षा मी सोडून दिली आहे.

परवा आम्ही गणनाच्या सातव्या अध्यायाला लागलो. ज्याने हे पुस्तक क्रमाने वाचले आहे, त्याला हा अध्याय ठाऊक आहे. त्यात ८९ वचने आहेत. निवासमंडप उभा राहिल्यावर इस्राएलच्या बारा वंशांचे बारा सरदार, रोज एक असे, बारा दिवस अर्पणे घेऊन येतात. पहिल्या दिवशी यहूदा वंशाचा नहशोन येतो. त्याने आणलेली १३० शेकेल वजनाची चांदीची परात, ७० शेकेलांचा चांदीचा कटोरा, दोन्हींत तेलात मळलेले सपीठ, १० शेकेलांचे सोन्याचे धूपपात्र, मग गोऱ्हा, मेंढा, कोकरू, बकरा, सगळे मोजून लिहिलेले आहे. दुसऱ्या दिवशी दुसरा सरदार तेवढेच आणतो. तिसऱ्या दिवशी तिसरा तेवढेच. परातीचे वजन बदलत नाही, कोकरांची संख्या बदलत नाही. लिहिणाऱ्याला 'बाकीच्यांनीही तसेच आणले' एवढे लिहून मोकळे होता आले असते. त्याने बारा वेळा लिहिले.

वाचायची पाळी माझ्या मुलीची होती. ती अकरा वर्षांची आहे, इंग्रजी शाळेत जाते. शाळेत मराठी हा एक विषय आहे. दिवसभरात देवनागरीचे सलग पान तिच्या डोळ्यांपुढे येते ते बहुधा याच पंधरा मिनिटांत. पहिल्यांदा 'धूपपात्र' आले तेव्हा ती अडली. दुसऱ्यांदा अडली. चौथ्या सरदारापाशी तिने मान वर करून सांगितले, "बाबा, हे सगळं सेमच आहे. पुढचं सोडते ना?"

मी हो म्हणणार होतो. उशीर झाला होता आणि वरणाला फोडणी द्यायची राहिली होती. तेवढ्यात आई म्हणाली, "प्रत्येकानं आपापलं आणलंय ना? पहिल्याचं वाचायचं अन् बाराव्याचं गाळायचं? बाराव्यानं काय घोडं मारलंय?"

मुलगी पुढे वाचू लागली. सातव्या सरदारापासून तिचे धूपपात्र न अडखळता निघाले. नवव्यापाशी तिने बोटांवर काहीतरी मोजले. बारावा संपताच ती थांबली आणि म्हणाली, "सगळी चांदी दोन हजार चारशे शेकेल." पुढच्या वचनांत एकूण बेरीज दिलेली आहे, आणि तिथे २,४०० आहे. ती केवढी हरखली! मीही हे तीन-चारदा वाचले होते, पण बेरीज करून पाहावी असे मला कधी सुचले नव्हते.

आईच्या त्या एका प्रश्नात मला या वेडेपणाचे सगळे समर्थन सापडते. क्रमाने वाचायचे आणि गाळायचे नाही. रोज वचन वाचणारी माणसे आजही पुष्कळ आहेत. सकाळी फोनवर एक वचन येते, मागे सूर्योदयाचे चित्र असते, आपण हात जोडल्याची खूण करतो आणि ते आणखी चार गटांना पाठवून देतो. त्या वचनाने एखाद्याचा दिवस सावरत असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते नेहमी गोडच असते. कोकरांची मोजदाद त्यात कधी येत नाही, संदेष्ट्यांनी ओढलेला कोरडा कधी येत नाही. कोणीतरी आपल्यासाठी वेचून दिलेले असते, आणि वेचणारा आपल्याला आवडेल तेच वेचतो.

घरातसुद्धा वेचणे चालते, आणि ते जास्त घातक. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावे असे आहे, हे आपल्याकडे झाडून सगळ्या पुरुषांना पाठ असते. त्याच्या अगदी आधी सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे आहे. पुढे तीन वचनांवर, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे नवऱ्याने बायकोवर प्रेम करावे असे आहे. मधले एकच वचन उचलून सुनेला ऐकवणारी घरे मी पाहिली आहेत. क्रमाने वाचणाऱ्या घरात ही सोय राहत नाही. ज्या तोंडाने बाविसावे वचन वाचायचे, त्याच तोंडाने एकविसावे आणि पंचविसावेही वाचावे लागते, आणि समोर बायको ऐकत बसलेली असते. मला तरी त्या रात्री प्रार्थना लवकर सुचली नाही.

लहानपणी मला या पुस्तकाचा धाक होता. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचा नियम होता, वचन पाठ झाल्याशिवाय ताट मिळायचे नाही. चुकले की पुन्हा. भात गार होताना बघत मी जी वचने पाठ केली, त्यांच्या नुसत्या आठवणीने अजूनही पोटात गोळा येतो. शास्त्राची शिक्षा करू नये. आमच्याकडे वाचून झाल्यावर कोणी प्रवचन करीत नाही, प्रश्न विचारून परीक्षा घेत नाही. मुलीने काही विचारले तर सांगतो, माहीत नसले तर माहीत नाही म्हणतो. पाळी फिरती असते. ज्याला बरे नसेल त्याने पडून ऐकावे. फार उशीर झाला तरी चुकवत नाही. स्तोत्रसंहितेतले ११७ वे स्तोत्र दोनच वचनांचे आहे आणि ११९ वे १७६ वचनांचे, तेव्हा कधी लवकर सुटका होते, कधी होत नाही. लांबलचक अध्याय चार रात्री पुरवायलाही हरकत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मी झाकणार नाही. शास्तेच्या एकोणिसाव्या अध्यायात एका स्त्रीवर जो अत्याचार होतो, तो मी मुलीसमोर वाचला नाही. त्या रात्री ती झोपल्यावर आम्ही मोठ्यांनी वाचला, आणि आई बराच वेळ काही बोलली नाही. मुलगी मोठी होईल तेव्हा सव्वातीन वर्षांच्या फेऱ्यात तो अध्याय तिच्या पुढ्यात येईलच.

लोक मला टिळकांचे उदाहरण देतात. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने नवा करार दिला, मत्तयाच्या शुभवर्तमानातले पर्वतावरील प्रवचन त्यांनी वाचले आणि माणूस पालटला. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाचन असे हवे, म्हणतात. असेलही. आमच्या सतरंजीवर आजवर वीज पडलेली नाही. पण पौलाने तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ सांगताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतली आहेत. आजी आणि आई म्हणजे रोजचेच, घरातलेच काम.

वेडेपणाच्या या घराण्यात पंडिता रमाबाईंचे नाव मी सगळ्यांत वर ठेवतो. मराठीत शास्त्र नव्हते असे नाही. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ सालीच मराठीत आले होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपूर्ण शास्त्रही झाले होते. शहाणा माणूस म्हणाला असता, आहे त्यावर भागवा. पण केडगावच्या मुक्ती सदनातल्या बायकांना, दुष्काळातून उचलून आणलेल्या विधवांना आणि मुलींना, ती पंडिती मराठी जड जात होती. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ भाषांतून सगळे शास्त्र एकटीने साध्या मराठीत आणायला त्यांनी आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे घातली. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातांनी त्याचे खिळे जुळले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; पूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ज्या बाईला कालपर्यंत अक्षर माहीत नव्हते तिला आपले आपण वाचता यावे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. आणि आज आपण, शाळा शिकलेले, रविवारी पाळक वाचतील तेवढ्यावर भागवतो.

आता आमच्या शास्त्राबद्दल थोडे. ते आईच्या लग्नातले आहे. काळे रेक्झिन कोपऱ्यांना फाटले आहे, पानांच्या लाल कडा बोट लागून लागून मधोमध गुलाबी पडल्या आहेत. जुना करार संपून नवा सुरू होतो तिथे एक कोरे पान आहे. त्यावर घरातले जन्म, बाप्तिस्मे आणि मृत्यू लिहिलेले आहेत, निरनिराळ्या शाईंत.

वडिलांना मूठमाती देऊन आलो ती रात्र. घर भरलेले होते. साडेआठ वाजले तेव्हा माझी नजर घड्याळाकडे गेली आणि मी मुद्दाम दुसरीकडे पाहिले. एक नातेवाईक म्हणाले, "तेविसावं स्तोत्र वाचू या, धीर येईल." आई भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारले, "आजचा अध्याय कोणता?"

पहिल्या इतिहासाचा पहिला अध्याय होता. त्याच्याइतका रूक्ष अध्याय शोधून सापडणार नाही. तो आदामाच्या नावाने उघडतो आणि पुढे बहुतेक नुसती नावेच येतात. कोणी काय केले, किती जगला, जवळजवळ काही नाही. बाप, मुलगा, त्याचा मुलगा. मी वाचत गेलो. परकी, अवघड, कोणाच्याच ओळखीची नसलेली माणसे, आणि तरी कोणीतरी त्यांतल्या एकेकाचे नाव टिपून ठेवले होते. पन्नासएक वचने झाल्यावर माझा आवाज बसला, तेव्हा थोरल्या भावाने माझ्या हातातून पुस्तक घेतले आणि शेवटपर्यंत वाचले. कोणी मध्ये उठले नाही. प्रार्थना झाल्यावर आईने ते कोरे पान उघडायला सांगितले आणि वडिलांच्या नावापुढे तारीख लिहून घेतली.

त्या रात्री कोणी वेचून अध्याय दिला असता, तर तो हा नसता. तेविसावे स्तोत्र त्याच्या पाळीने पुढे आलेच, आणि त्या दिवशी मी रडलो.

तुमच्या घरी हा वेडेपणा कधी चालत असेल आणि मध्येच बंद पडला असेल, तर नव्या वर्षाची वाट पाहू नका आणि पहिल्या पानापासूनही सुरू करू नका. खूण अजून तिथेच असेल. आज रात्री टीव्ही बंद करा, घरातल्या सगळ्यांत लहान वाचणाऱ्याच्या हातात पुस्तक द्या आणि जिथे राहिले होते तिथून पुढचा एक अध्याय वाचून घ्या. आमच्याकडे आज गणनाचा नववा आहे.