गंजाचे अण्णा

नांदगावात कोणाच्या माळ्यावर जुनी शिलाई मशीन पडली आहे, हे घरच्यांच्या आधी अण्णांना माहीत असतं. लग्नाची पत्रिका द्यायला गेले तरी चहा येईपर्यंत त्यांची नजर वर. ‘‘वहिनी, त्या गोधडीखाली काय आहे हो?’’ गोधडीखाली सासूबाईंची उषा नाहीतर सिंगर असते, कित्येक वर्षांत चाक न फिरलेली. चहा निवतो. तोवर अण्णांनी तिची बॉबिन केस काढून रुमालात बांधलेली असते. पत्रिका मात्र खिशातच राहते.

असा माणूस तालुक्याच्या प्रत्येक गावी एखादा असतोच. कुठे तो रेडिओ उघडतो, कुठे भिंतीवरची घड्याळं. आमचे अण्णा गंज काढतात. मनमाडच्या रेल्वे कारखान्यात पुलांचे गर्डर तयार होतात, तिथे त्यांनी नोकरीभर अप-डाउन केलं. निवृत्तीनंतर हत्तीच्या माहुताने मुंग्या पाळाव्या तसे ते शटल-बॉबिनकडे वळले. आवाज मात्र अजून गर्डरच्या मापाचा आहे.

मुळात आमच्याकडे गंज चढायला पाणी कुठलं? नळ कधी येणार हे पाहुण्यांनी विचारू नये, असं हे गाव. तरी पत्र्यातून गळणारा एक थेंब नेमका मशीनवरच पडतो. अण्णांना गंजाच्या जाती कळतात. वरवरचा तांबूस थर म्हणजे गावचा गंज. ठिपक्याठिपक्यांनी खोल गेलेला म्हणजे खाऱ्या हवेचा. ‘‘ही मशीन वसई-विरारकडे राहून आलीय,’’ असं त्यांनी एका घरी सांगितलं आणि आत्याबाईंचं सगळं मुंबई-प्रकरण बाहेर पडलं. त्या घरी हल्ली त्यांना ओट्यावरच बसवतात.

पण त्यांचा खरा राग गंजावर नाही, खोबरेलावर आहे. घरोघरी मशीनला डोक्याचंच तेल घालतात. ते चोविसेक अंशांखाली थिजतं, आणि नांदगावची डिसेंबरातली पहाट त्याहून बरीच खाली असते. वर्षानुवर्षं साचून त्याचा डिंक होतो आणि मशीन जाम. ‘‘वहिनी, डोक्याचं तेल मशीनला घातलंत, आता मशीनचं डोक्याला लावा.’’ तो डिंक सुटायला रॉकेल लागतं. रॉकेलने गंज जात नाही, चिकटा सुटतो, हे अण्णा प्रत्येकाला दोनदा सांगतात. रेशनचं रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा गावात गॅसवाल्या घरांना काही वाटलं नाही. अण्णा मात्र आठवडाभर जेवणावर चिडले होते.

गंजासाठी चिंच. काकूंच्या आमटीची चिंच. कोळात पट्टी, दाते, प्लेट असे उघड्या लोखंडाचे सुटे भाग बुडवायचे आणि पहारा द्यायचा, कारण आंबट पाणी गंज खाऊन झाला की लोखंडावर येतं. सून माहेरी बाळंत झाल्याचा फोन आला तेव्हा रात्री दोनला अण्णा जागेच होते. नातू झाला की नात हे विचारायच्या आधी त्यांनी डबा हलवून बघितला. मग सोड्याच्या पाण्यात धुणं, तिथल्या तिथे कोरडं करणं आणि लगेच तेल. जरा उशीर झाला की ओल्या लोखंडावर पुन्हा पिवळी झाक येते. शटलला मात्र पॉलिशपेपर वर्ज्य. चरा पडला की दोरा अडकतो, तुटतो. भाच्याने एकदा तो लावला, तर अण्णा त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. काळ्या अंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीला सोडा नाही, चिंच नाही, नुसती तेलाची चिंधी, तीही ते स्वतः फिरवणार.

चिंधी फिरवताना इतिहास सुरू होतो. ‘‘मॉडेलच्या नंबरात के आहे बघा. के म्हणजे किलबोवी, स्कॉटलंड. कारखाना 1980 साली बंद पडला, मशीन चालूच.’’ यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 साली सिंगरच्या मशीनला तेवढी सूट दिली, हे ते असं सांगतात की जणू सूट त्यांच्याच अर्जावर मिळाली. मग आपलं स्टेशन. निजामाच्या मुलखातली रेल्वे 1900 च्या सुमारास मनमाडला येऊन मिळाली, त्याआधी वेरूळला जाणारे साहेब नांदगावलाच उतरायचे आणि पुढे टांग्याने जायचे. ‘‘साहेब उतरले, तर मशीन नाही उतरली?’’ याला उत्तर नसतं. असलं तरी देऊ नये, उशीर होतो.

एवढं सगळं करून अण्णांच्या घरात एक टाका पडत नाही. काकूंचा ब्लाउज पाडव्यापासून उसवलेला. ‘‘आत्ताच तेल दिलंय, कापडाला डाग पडेल,’’ हे उत्तर ठरलेलं. तेल दिल्यावर आधी चिंधीवर टाके मारून घ्यावेत, हे खरंच आहे. पण अण्णांची चिंधी संपत नाही. शेवटी काकू तो ब्लाउज पिशवीत घालून बाजारातल्या टेलरकडे देऊन आल्या. त्याची मशीन मोटरची होती. अण्णांनी ती बातमी सुतकासारखी पाळली.

परवा नाशिकहून हॉटेलांची सजावट करणारा एक मुलगा आला. त्याला मशीन नकोच होती, खालचा लोखंडी स्टँड हवा होता. वर काच टाकून टेबल करतात म्हणे. अंगणातला सगळ्यात गंजका स्टँड त्याने पसंत केला आणि हातावर दोन हजार आगाऊ ठेवले. जाताना म्हणाला, ‘‘काका, गंज काढू नका हं. त्याच्यामुळेच लूक येतो. टेम्पो घेऊन रविवारी येतो.’’

अण्णा काही बोलले नाहीत. काकूंनी फक्त घरातली चिंच मोजून आत ठेवली.

रविवारी टेम्पो आला. अंगणात स्टँड उभा होता, पायडलवरची अक्षरं लांबून वाचता येतील इतका लखलखीत. पोरगं डोक्याला हात लावून खाली बसलं आणि आगाऊ रक्कम परत मागू लागलं. अण्णांनी आतून पाकीट आणलं, थुंकी लावून नोटा मोजल्या आणि सहाशे कमी दिले.

‘‘सहाशे कशाचे?’’

‘‘गंज काढायची मजुरी. चिंच धरली नाहीये.’’